मामावरची अब्दागिरी

ग्वाल्हेरच्या पडाव भागातल्या औषधवाल्यानं माझ्या नवऱ्यासमोर एक ट्यूब ठेवली आणि म्हणाला, "ये लीजिए सर. धूप से भी बचाएगी, रंग भी निखारेगी. महीने भर में दो शेड गोरे."

माझा नवरा जन्मापासून पांढरा आहे. गोरा नव्हे, पांढरा. केस, भुवया, पापण्या, सगळं. कातडीला आणि डोळ्यांना रंग देणारं जे काही माणसाच्या शरीरात तयार होतं ते यांच्या शरीरात होत नाही. डॉक्टर त्याला अल्बिनिझम म्हणतात आणि आमचं ग्वाल्हेर त्याला 'अंग्रेज' म्हणतं. अशा माणसाला आणखी गोरं करायला निघालेल्या त्या दुकानदारानं मान वर करून समोर कोण उभं आहे एवढंही बघितलं नव्हतं.

"भैया, इससे ज्यादा गोरा हुआ तो दिखूँगा ही नहीं," हे म्हणाले आणि हसले.

मी हसले नाही. यांना हसायची सवय आहे, मला चिडायची, आणि आमचा संसार या वाटणीवर बरा चालला आहे. मी ट्यूब उलटसुलट करून पाहिली. पुढे एका बाईचा उजळलेला चेहरा आणि हा एवढा मोठा 'निखार'. ऊन किती अडवणार ते मात्र मागे, मुंगीच्या अक्षरांत, आणि तेही नावापुरतं. ट्यूब परत सरकवून मी म्हटलं, "हमें धूप रोकनी है. रंग आप ही रखिए." तेव्हा कुठे त्यानं वर पाहिलं, आणि तेही माझ्याकडे. मी चांगली काळी आहे. ट्यूबची गरज बाईलाच असणार अशी त्याची खात्री पटली असावी.

संग्रामसिंह भोईटे हे यांचं नाव. भोईट्यांचे पूर्वज दक्खनेतून फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या घरात अजून एक तलवार आहे, एक कट्यार आहे आणि एक अब्दागिरी आहे. अब्दागिरी म्हणजे उंच दांड्यावरचं पिंपळपानासारखं जरीचं मोठं छत्र. पूर्वी सरदार घोड्यावरून निघाला की त्याच्या बाजूनं एक माणूस ती धरून चालायचा. कशासाठी? तर सरदाराच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून. दिवाणखान्यात यांच्या पणजोबांचं चित्र लावलेलं आहे, त्यात पणजोबा घोड्यावर आणि अब्दागिरी त्यांच्यावर. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते चित्र अभिमानानं दाखवलं जातं.

त्याच घरात हे जन्मले तेव्हा पहिल्या दिवशी पेढे वाटले, कारण मुलगा गोरापान झाला. पुढे केस पांढरे उगवले, डोळे हलायला लागले, आणि पेढ्यांची चव उतरली. मग सगळ्या नातेवाइकांनी मिळून एक उपाय काढला. मूल कच्चं राहिलंय, त्याला तेल लावून उन्हात निजवा, म्हणजे रंग धरेल. आंबा पिकायला घालतात तसं महिन्याच्या बाळाला गच्चीवर घातलं. अंगावर फोड आले तर म्हणाले गोवर निघाला, आणि कडुनिंबाचा पाला बांधला. फोड बसले की पुन्हा गच्चीवर. सासूबाई हे सांगताना डोळे पुसायच्या, आणि वर म्हणायच्या, "सगळे चांगल्यासाठीच सांगत होते गं." असल्या चांगल्याला आग लागो.

पुढे शाळेत जायला लागले तेव्हा आईनं एक छत्री दिली, ती सासऱ्यांनी काढून घेतली. मराठ्याचा पोरगा बायकांसारखा छत्री घेऊन हिंडतो? म्हणजे भिंतीवरच्या पणजोबांवर दुसऱ्यानं छत्र धरलं तर तो मान, आणि या पोरानं स्वतःच्या हातानं छत्री धरली तर ती लाज! लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी हे त्या चित्राखाली उभी राहून बोलले होते. मी झाशीची आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. सासरे त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि त्यानं माझं काही अडलंही नाही.

आमचं लग्न हा गावाला विनोदच होता. मला बघायला आलेली मंडळी काळी म्हणून परत जात, यांच्याकडे गेलेली पांढरा म्हणून परत येत. माझी आई मला बेसन-हळद-साय चोपडून दमली होती. यांना कुणी लिंबू चोळायला सांगे, कुणी मुलतानी माती. तिला उजळवा आणि याला रापवा, बाकी सगळं ठीक आहे! आम्ही दोघांनी एकमेकांना पाहिलं तेव्हा यांनी मान एका बाजूला कलती करून, डोळे बारीक करून मला बघितलं. यांना लांबचं धड दिसत नाही, प्रखर उजेडात तर मुळीच नाही. मग म्हणाले, "तुम्ही मला स्पष्ट दिसता. भिंत पांढरी आहे ना." मी तिथेच हो म्हटलं.

हे पडावातल्या एका लॉजचे दिवसाचे मॅनेजर आहेत. बसायची जागा आत सावलीत, माणसांची ये-जा भरपूर, आणि स्वभाव गोड, त्यामुळे नोकरी छान जमली. स्टेशनाबाहेरचा नवा रिक्षावाला यांना बघून "हॅलो सर, फोर्ट? गुड प्राइस!" म्हणत धावतो, आणि हे शुद्ध लष्कर भागातल्या ठेक्यात सांगतात, "अरे भैया, हम यहीं के हैं." तो रिक्षावाला मग जन्मभराचा दोस्त होतो. मला ते बघून हसू येतं. पण माणसाला आपल्याच गावात रोज 'मी इथलाच' असं सांगायला लागावं, याचा मला रागही येतो.

गेल्या वर्षी यांच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक खपली धरली. ती पडायची, पुन्हा धरायची. हे म्हणाले चष्म्याची काडी लागते. मी हात धरून डॉक्टर वनमालाबाईंकडे नेलं. त्यांनी बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि कॅन्सरची सुरुवात निघाली. कानाचा तेवढा भाग कापून काढला. वेळेवर आलात, म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता ऊन म्हणजे यांच्यासाठी विस्तव. हे हसण्यावारी नेतील, तुम्ही नेऊ नका."

तेव्हापासून ऊन हा माझा शत्रू आहे आणि त्याच्याशी कसं लढायचं ते मी शिकले. क्रीम घ्यायचं तर वासाचं नको, निखाराचं तर नकोच. एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याचा आकडा, पन्नासचा हवा, आणि दोन्ही तऱ्हेचे किरण अडवतं असं त्यावर लिहिलेलं हवं. बोटाला पुसून लावल्यासारखं नाही, चांगलं दोन बोटं भरून, बाहेर पडायच्या आधी. आणि कान, मान, ओठ विसरायचे नाहीत. घाम आला की पुन्हा, नाही आला तरी दोनेक तासांनी पुन्हा. पण क्रीम म्हणजे चिलखत नव्हे, हे वनमालाबाईंनी बजावून सांगितलं. खरं काम कपड्याचं आणि सावलीचं. पातळ पांढरा मलमलीचा सदरा थंड वाटतो, पण त्यातून ऊन गाळणीतून चहा उतरावा तसं आत उतरतं. मी बाजारात प्रत्येक कापड दिव्यासमोर धरून बघते. उजेड आरपार आला की ठेवून देते. टोपी सगळीकडून रुंद काठाची. नुसती पुढे झापड असलेली टोपी कानांना काय कामाची? आणि एक काळी, आतून अस्तर लावलेली छत्री. हे सगळं विमेवाल्यांना दाखवलं तर त्यांनी सांगितलं, क्रीम हे सौंदर्यप्रसाधन आहे. कान कापला तो आजार, तो वाचवायचा ती हौस!

एवढं सगळं होऊनही माझं खरं डोकं फिरलं ते उन्नतीच्या लग्नात.

उन्नती ही यांच्या धाकट्या बहिणीची, मंदाताईची मुलगी. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे ती अर्धी आमचीच. लहानपणी मेळ्यात ती आईचा हात सुटून हरवली होती. सगळे रडत शोधत होते, आणि ही बया गर्दीतून धावत येऊन मामाच्या पायांना बिलगली. कसं सापडलं विचारलं तर म्हणाली, "मामाचं डोकं दिसलं ना." तेव्हापासून कुठेही गर्दीत गेलो की ती आधी मामा कुठे आहे ते बघून ठेवते. मोठी झाली तरी तीच सवय.

आमच्यात लग्नात मामाचा मान मोठा. दारात मुलाकडच्या मामाला तो भेटतो, मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणतो, आणि मंगलाष्टकं होईपर्यंत टोकाला लिंबू खोचलेली कट्यार घेऊन तिच्या पाठीशी उभा राहतो. हे उन्नतीचे एकुलते एक मामा. तिचं लग्न ठरल्या दिवसापासून यांनी कट्यार घासायला काढली होती. नवरदेवावर धरायला म्हणून मंदाताईच्या यजमानांनी, शिवाजीरावांनी, आमची अब्दागिरी मागितली, तर यांनी तिचं उसवलेलं जरीकाम सराफ्याजवळच्या कारागिराकडून नवं करून घेतलं.

लग्नाच्या चार दिवस आधी मंदाताई आली. चहा झाला, पापड झाले, तरी उठेना.

"दादा, एक बोलू? रागावू नको."

"बोल की."

"मुलाकडचे लोक जरा जुन्या खयालांचे आहेत. साखरपुड्याला तू दवाखान्यात होता, तर त्यांनी तुला पाहिलंच नाही. आणि आम्ही पण काही बोललो नाही."

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"आता तुम्हीच समजा ना वहिनी. लोकं कोड आहे बोलतील. मुलीच्या रक्तात आहे बोलतील. एकदा लग्न लागलं की काही टेन्शन नाही." मग तिनं एका दमात उरलेलं सांगून टाकलं. उन्नतीच्या मेकअपला गरिमा नावाची पार्लरवाली येणार होती. ती यांना जरा गव्हाळ रंग लावेल, भुवया काळ्या करेल. वर पगडी आली की केस झाकले जातील. "फक्त तुझी ती टोपी नको, छत्री नको, आणि ते पांढरं क्रीम पण नको, त्याच्यावर मेकअप बसत नाही. एक दिवसाची तर बात आहे."

"आणि ऊन?" मी म्हटलं. इथली हिंदी मंडळी लग्नं रात्री लावतात, रोषणाईत. आपण मात्र ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, भर दुपारच्या मुहूर्तावर.

"आजकल मेकअपमध्ये पण सनस्क्रीन असतो, वहिनी. डबल फायदा."

मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात हे म्हणाले, "मंदा, मामा म्हणून उभा मीच राहणार ना?"

"मग काय! तूच. दुसरा कोण आहे?"

"मग लावू दे काय लावायचं ते."

जाताना ती मला दारात म्हणाली, "उन्नतीला काही सांगू नका हं, ती उगीच तमाशा करेल." त्या रात्री मी यांच्याशी कडकडून भांडले. ज्या माणसाला जन्मभर लोकांनी रापवायला बघितलं तो आता स्वतःच रापायला तयार झाला होता. हे म्हणाले, "राजलक्ष्मी, ती पोर माझ्या हाताला धरून बोहल्यावर जाईल. त्यासाठी तू म्हणशील तर काळाही होईन." त्यावर मी भांडण सोडलं. राग मात्र तसाच राहिला.

लग्नाच्या सकाळी मी यांना घरूनच कानापासून गळ्यापर्यंत क्रीम लावून नेलं. गरिमानं ओल्या रुमालानं ते सगळं पुसून काढलं. "आंटी, टेन्शन मत लो, फाउंडेशन में एसपीएफ़ है," ती म्हणाली आणि पावडरीएवढा पातळ थर यांच्या चेहऱ्यावर फिरवला. मी तिला कानाचा व्रण दाखवला. तिनं त्यावर थोडा जास्त रंग लावला, व्रण दिसू नये म्हणून. अर्ध्या तासानं खोलीतून एक गव्हाळ, काळ्या भुवयांचा, शिंदेशाही पगडी घातलेला माणूस बाहेर आला. मंदाताई टाळ्या पिटत म्हणाली, "काय हँडसम दिसतोय माझा भाऊ!" मला त्या माणसाशी बोलावंसंही वाटेना.

वरात यायला उशीर झाला, म्हणजे नाचणाऱ्यांचं पोट भरेना. हे गेटवर नारळ घेऊन उभे. पगडीची सावली कानावर पडत नाही, मानेवर पडत नाही. गेटवर मांडव घातलेला नव्हता, कारण ड्रोनवाल्याला वरून फोटो घ्यायचे होते. मी दोनदा म्हटलं, आत चला. शिवाजीराव म्हणाले, "वहिनी, मुलीचा मामा गेट सोडून कसा जाईल? आलेच ते लोक." डोळे मिटून, मान खाली घालून हे उभे राहिले. काळा चष्मासुद्धा काढून घेतला होता ना! घामानं रंग ओघळायला लागला आणि कानामागून गव्हाळ पाणी पांढऱ्या अंगरख्याच्या गळपट्टीवर उतरलं. त्याखाली कान लालभडक झाला होता.

आणि तेव्हा वरात आली. घोड्यावर नवरदेव, चांगला धट्टाकट्टा, सावळा मुलगा, आणि त्याच्या डोक्यावर, बँडवाल्याच्या माणसानं धरलेली, नव्या जरीची आमची अब्दागिरी. भोईट्यांच्या घरची अब्दागिरी परक्या पोराला सावली देत होती आणि तिचा धनी तिच्यासमोर भाजत होता.

माझं काय झालं ते मलाच कळलं नाही. मी सरळ वरातीत घुसले आणि त्या माणसाच्या हातातला दांडा धरला. "छोड़ो. हमारी है."

"अरे मॅडम, दूल्हे की है!"

"दूल्हे को पगड़ी काफी है. छोड़ो!"

दांडा जड असतो. तो पेलत मी गेटवर आले आणि नवऱ्यावर धरला. बँड थांबला. शिवाजीराव दातओठ खात म्हणाले, "वहिनी, काय लावलंय हे? लोक बघतायत."

"बघू देत की. अब्दागिरी बघायलाच असते."

मुलाकडची एक म्हातारी आत्या पुढे आली. यांच्या तोंडाकडे निरखून बघत तिनं विचारलं, "हे कोण म्हणायचे?" अर्ध्या गालावर गहू, अर्ध्यावर पांढरं, एक भुवई ओघळून डोळ्यात गेलेली. मंदाताई शिवाजीरावांकडे बघायला लागली, शिवाजीराव घोड्याकडे. मग यांनीच शेजारच्या टेबलावरचा पाण्याचा जग उचलला, सगळ्यांसमोर तोंड धुतलं, अंगरख्याच्या टोकानं पुसलं, आणि म्हणाले, "मी मुलीचा मामा. जन्मापासून असाच आहे. रोग नाही, लागत नाही. ऊन तेवढं सोसत नाही." आणि पगडी काढून माझ्याकडे हात केला. मी दांडा खांद्याला टेकवून पिशवीतून रुंद काठाची टोपी काढून दिली. क्रीमही दिलं. वरात थांबवून यांनी दोन बोटं क्रीम काढून कानाला, मानेला शांतपणे लावलं.

आत्याबाई तोपर्यंत उभ्या होत्या. म्हणाल्या, "मग सावलीत चला ना. आम्हाला पण ऊन लागतंय." एवढंच. एवढ्यासाठी चार दिवस रंगरंगोटी चालली होती! मामा मामाला भेटले, नारळ दिला घेतला, वरात आत गेली. तो कान पुढे आठवडाभर फोडांनी भरून होता. पुढच्या महिन्यात तपासणी आहे, तोवर मी रोज सकाळी भिंग घेऊन बघते.

मुलीला बोहल्यावर आणायला आम्ही दोघं तिच्या खोलीत गेलो. खोलीची खिडकी बरोबर गेटवर उघडते. उन्नती शालू नेसून बसली होती आणि गरिमा तिचं काजळ दुसऱ्यांदा नीट करत होती. दारात टोपी दिसल्याबरोबर ती उठून धावत आली आणि लहानपणी धरायची तसा यांचा हात दोन्ही हातांनी धरला.

"मामा! कुठे होता तुम्ही? मी केव्हाची खिडकीतून बघते आहे. गेटवर सगळे होते, तुम्हीच नव्हता. तुमच्या जागेवर कोणी दुसरेच काका उभे होते, पगडीवाले. मम्मीला विचारलं तर बोलली, येतील. मग मी बघणंच सोडलं. मुझे लगा आप आए ही नहीं."

हे प्रत्येक वेळी हसतात, पण तेव्हा हसले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आलो गं. आत्ता आलो."

मंदाताई हळदकुंकवाचं तबक घेऊन दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मी तिला वाट करून दिली नाही.